बासष्ट अंश

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि अशी कल्पना करा की तुमचा डावा हात एका हिरव्या कापडाखाली आहे. मनगटापासून कोपरापर्यंत त्याला बधिर करायचं इंजेक्शन दिलंय. दुखत नाही. गरम लागत नाही. कापड मध्ये आहे म्हणून दिसतही नाही. डोळ्यांवर काळा चष्मा आहे. तुमच्या त्या हाताला कोणीतरी काहीतरी करतंय, आणि तुम्हाला कळण्यासाठी एकच वाट उघडी आहे. नाक.

आता वैजूचा आवाज ऐका.

"काका, जळालं."

"काही जळत नाहीये, बाळ. पडून राहा," डॉक्टर सबनीस म्हणाले. मान न वळवता त्यांनी मला विचारलं, "मगदूम, आकडा?"

"बासष्ट, सर."

तो मगदूम म्हणजे मी. तेव्हा मी एकेचाळीस वर्षांचा होतो, कोल्हापुरातल्या एका संशोधन केंद्रात यंत्रं बनवायचो. आम्ही जखमा दोऱ्याशिवाय शिवत होतो. कसं ते सांगतो. जखमेच्या दोन्ही कडा जवळ आणायच्या, त्यांवर अंड्याच्या पांढऱ्यासारखं चिकट द्रावण लावायचं. त्यात हिरवा रंग मिसळलेला असे. त्यावर लेसरचा बारीक किरण सोडला की तो रंग किरण पिऊन घेतो आणि तापतो. बासष्ट अंशांच्या आसपास ते द्रावण उकडलेल्या अंड्यासारखं घट्ट होतं आणि कडा धरून ठेवतं. पन्नासवर राहिलं तर जखम दुसऱ्या दिवशी उसवते. ऐंशीच्या वर गेलं तर कातडी भाजते. सगळा खेळ त्या मधल्या पट्टीचा. ती पट्टी सांभाळणं हे माझं काम. जखमेच्या वर वीतभर अंतरावर मी एक तापमापक बसवला होता. तो कातडीला न शिवता तिच्यातून बाहेर पडणारी उष्णता एका सुपारीएवढ्या खिडकीतून मोजायचा. कमी भरली की लेसरचा जोर आपोआप वाढायचा, जास्त भरली की उतरायचा. नऊ वर्षं मी त्या यंत्रामागे घालवली होती.

आणि मी जैन. आमच्या घरात कांदासुद्धा येत नसे.

लेसरची चाचणी घ्यायला कातडी लागते. बोकडाच्या कानाची कातडी पातळ असते, माणसाच्या हाताच्या जवळपास जाणारी. म्हणून दर मंगळवारी सकाळी मी दत्तोबा घोडक्यांच्या मटणाच्या दुकानासमोर उभा राहायचो. नाकाला रुमाल. नजर समोरच्या सायकलच्या दुकानाकडे. जमिनीवरचं गुलाबी पाणी चपलेला लागू नये म्हणून टाचा वर.

"या सायेब!" दत्तोबा लांबूनच ओरडायचे. गिऱ्हाइकांना सांगायचे, "आमचं एकच गिऱ्हाईक असं हाय की फकस्त कान नेतंय. खात न्हाई, नुसतं ऐकून घेतंय."

सगळे हसायचे. मला शिसारी यायची. माशा, लोखंडी आकडे, लाकडाच्या ओंडक्यावर साचलेला तो चिकट थर. मळमळ घशाशी यायची आणि तिथेच थांबायची.

कान बांधून द्यायचं काम दत्तोबांची मुलगी वैजू करायची. वय वर्षं दहा, दोन वेण्या, आणि डोक्यात प्रश्नांचं मोहोळ.

"काका, ह्या कानाचं काय करताय?"

मी सांगितलं. ती ऐकत राहिली. मुलांना शिकवायची मला पहिल्यापासून हौस, तेवढ्यापुरती मळमळ विसरायची.

"बासष्ट अंश म्हंजे किती गरम?"

दुकानाच्या कडेला कोंबड्या बुडवायची गरम पाण्याची बादली होती. पिसं सुटावीत म्हणून तीत कोंबडी बुडवून काढतात. दत्तोबांच्या आईनं पाण्यात बोट घालून, चटकन काढून, "झालं" म्हटलं की झालं. पाणी जास्त तापलं तर पिसांबरोबर कातडंही निघून येतं. माझ्या खिशात थर्मामीटर होता. मी लांबून हात करून तो बादलीत सोडला.

बासष्ट.

वैजूनं तो आकडा तीनदा वाचला. "आज्जीला न्हाई का माहीत! आज्जी, तुझं बोट बासष्ट हाय!"

"बोट माझं हाय गं बाई," म्हातारी म्हणाली, "आकडं तुमचं तुमच्यापाशी."

मी खूश झालो. पुढं मी लगेच रुमाल नाकाला लावला आणि निघालो, तेही खरं.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी वैजू दुकानाच्या पत्र्यावर चढली आणि घसरली. पत्र्याच्या कडेनं डाव्या हाताला, मनगटाच्या वर, दोन पेरं लांब सरळ चीर पडली. दत्तोबा तिला फडक्यात हात गुंडाळून थेट आमच्याकडे घेऊन आले.

"टाके नकोत सायेब. पोरीची जात. तुमचं ते दिव्याचं करा. डाग राहत न्हाई म्हणाला हुता."

म्हणालो होतो. तोपर्यंत आम्ही बारा मोठ्या माणसांच्या लहान जखमा अशा बंद केल्या होत्या आणि त्या चांगल्या भरल्या होत्या. मुलांवर करायची परवानगी हातात होती, मूल आलं नव्हतं. आणि नेमके त्याच दिवशी आमचं काम पाहायला दोन पाहुणे आले होते. हे काम पुढं चालू ठेवायचं की नाही, ते त्यांच्यावर होतं. सबनीसांनी जखम पाहिली, स्वच्छ, सरळ, ताजी. त्यांचे डोळे चमकले.

"मगदूम, देवानंच पाठवलीय. मशीन लावा."

मी मशीन लावलं. दत्तोबांनी कागदावर सही केली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही हाय न्हवं आत? मग बास."

तर आता परत त्या टेबलापाशी या. दुपारचे साडेतीन. वैजू आडवी. उजव्या हाताला आवटी सिस्टर, डावीकडे सबनीस, आणि त्यांच्यामागे पडद्यासमोर मी. काचेपलीकडे खुर्च्यांवर दोघे पाहुणे, आमचा आवाज त्यांना ऐकू जावा अशी सोय. जखमेवर हिरवट द्रावण, आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांवर किरणासाठीचे गडद चष्मे, त्यामुळे खालच्या कातडीचा रंग कळत नसे. किरण एकेका ठिकाणी दहा-बारा सेकंद थांबवायचा आणि पुढं सरकायचं. एकूण नऊ ठिकाणं. दोन झाली होती, तिसरं चालू होतं.

"काका, जळालं."

"बासष्ट, सर."

"तिला सांगा, बोलू नको. हात हलेल."

"मी हाललोच न्हाई," वैजू म्हणाली. आमच्याकडच्या मुली अशाच बोलतात, आलो, गेलो, हाललो. "पर वास यायलाय. बोकडाची मुंडी भाजत्यात तसा. केस जळायचं संपलं की येतोय बघा, तसला."

सबनीस मोठ्यानं हसले. काचेकडे पाहून म्हणाले, "खाटकाची पोर आहे. हिला स्वर्गात नेलं तरी मुंडीचाच वास येणार."

काचेपलीकडे एकजण हसला. आवटी सिस्टर हसल्या. मुलांनो, मीही हसलो. मास्क होता, त्यामुळे कोणाला दिसलं नाही. पण हसलो.

त्यांना वास का आला नाही, असं तुम्ही विचाराल. सबनीस शस्त्रक्रिया करणारे. रक्त थांबवायला ते रोज बारीक शिरा डाग देऊन बंद करत. सिस्टर वीस वर्षं त्यांच्या शेजारी उभ्या. जळक्या मांसाचा वास त्यांच्या लेखी उदबत्तीसारखा, येतच असायचा. आणि माझ्या मास्कच्या आत निलगिरीच्या तेलाचे चार थेंब होते. बोकडाचे कान भाजायला लागल्यापासून मी ते रोज घालायचो. मला निलगिरीखेरीज काही येत नव्हतं.

"चौथं," सबनीस म्हणाले. "आकडा?"

"बासष्ट."

"शाब्बास. रेघ बघा कशी आहे, पाहुण्यांना दाखवा. दोरी ताणल्यासारखी."

खरंच तशीच होती. त्या आधीच्या बारा जखमांत रेघ थोडी थरथरायची, साठ, त्रेसष्ट, एकसष्ट. आज हलत नव्हती. मला त्याचा अभिमान वाटला.

पण आकड्याच्या खाली दुसरा लहान आकडा असतो, लेसरच्या जोराचा. तो नेहमी पाऊण वॅटच्या आसपास फिरायचा. तिकडे नजर गेली तेव्हा तिथे दीड होता. मी पाहत असताना एक पूर्णांक सात झाला.

"सर, जोर वाढतोय."

"तापमान किती?"

"बासष्टच."

"मग? लहान मुलांची कातडी ओलसर असते, जास्त जोर खाणार. मला तापमान सांगा, बाकीचं नको." मग आवाज खाली आणून, "मगदूम, पाहुणे ऐकतायत."

मी परत मोठ्या आकड्याकडे पाहिलं. किरण पाचव्या ठिकाणी सरकला.

"मगदूमकाका."

ती आता डॉक्टरांशी बोलत नव्हती. काळ्या चष्म्यासकट तिनं मान माझ्या आवाजाच्या दिशेनं वळवली होती.

"तुम्हीच म्हणाला हुता न्हवं, बासष्ट म्हंजे आमची बादली?"

"हो."

"बादलीला ओल्या पिसांचा वास येतोय. असला येत न्हाई. असला आगीवरच येतोय. तुम्ही वास घ्या की."

मी मास्क खाली ओढला.

त्या वासाचं वर्णन मी तुम्हाला करणार नाही, करता येतं तरी. एवढंच सांगतो की तो गोडसर होता. दत्तोबांच्या दुकानात मला जे जे ओंगळ वाटलं होतं त्यातलं काहीही त्याच्या पासंगाला पुरलं नसतं. दुकानातलं मेलेलं होतं. हे जिवंत होतं, दहा वर्षांचं होतं, आणि माझ्याशी बोलत होतं.

मी लाल बटण दाबलं.

"काय केलंत?" सबनीस ओरडले. "चार ठिकाणं राहिलीत!"

मी चष्मा काढला. मी वाकून जखमेकडे पाहिलं. पहिली दोन ठिकाणं फिकट, छान मिटलेली. तिसऱ्यापासून कडा तपकिरी होत गेली होती आणि पाचव्यापाशी पार काळी, तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखी, मधोमध तडकलेली. तड्यातून पिवळट पाणी येत होतं. आवटी सिस्टरनी ओठ चावला आणि घाईघाईनं त्यावर ओला गॉज ठेवला.

यंत्रात सगळ्याची नोंद राहते. वैजूनं पहिल्यांदा "जळालं" म्हटलं तिथपासून माझ्या बटणापर्यंत बत्तीस सेकंद गेले होते. तुम्ही आता बत्तीसपर्यंत मोजून बघा. सावकाश मोजा.

सबनीसांनी माझा दंड धरून मला कोपऱ्यात नेलं. काचेच्या बाजूचा माइक त्यांनी आधी बंद केला.

"नोंदीत काय आहे?"

"बासष्ट. सुरुवातीपासून शेवटपर्यंत."

"झालं तर मग." त्यांनी हातमोजे ओढून काढले. "यंत्रात दोष नाही. मुलीनं हात हलवला, किरण एका जागी जास्त वेळ राहिला. कागद काढा, सही करा. बापाला आत बोलवा."

"सर, तिनं हात हलवला नाही."

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही पडदा बघत होता." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, मोठ्या भावासारखा. "मगदूम, नऊ वर्षं. उद्या हजारो लेकरांना याचा उपयोग होणार आहे. एका खाटकाच्या पोरीच्या दोन पेरांसाठी तुम्ही ते बंद पाडणार? करपलेलं कापून काढतो, चार टाके घालतो. एक डाग राहील. त्यांच्यात डागाला कोण विचारतंय?"

माझ्या खांद्यावरचा तो हात ओलसर होता. मला त्याची किळस आली. आणि ती किळस त्या हातापाशी थांबली असती तर फार सोपं झालं असतं.

दत्तोबा आत आले. पायांत कोणीतरी दिलेल्या कापडी पिशव्या, डोक्यावर टोपी उलटी. त्यांनी आल्याआल्या नाक वर केलं. एकच श्वास घेतला. चेहरा बदलला.

"काय भाजलंय?"

"बसा, घोडके," सबनीस म्हणाले. "थोडी अडचण झाली. घाबरायचं कारण नाही. तुमच्या मुलीनं मध्येच हात हलवला..."

"आप्पा, मी हाललोच न्हाई," वैजू म्हणाली.

"लहान आहे, तिला कळलं नसेल."

"मी हाललो न्हाई! त्यास्नी विचारा!"

तिनं माझ्याकडे बोट केलं. दत्तोबांनी माझ्याकडे पाहिलं. सबनीसांनीही पाहिलं. माझ्या हातात तो छापलेला कागद होता. त्यावर सरळ रेघ होती आणि खाली सहीची रिकामी जागा. मी सही केली असती तर नुसत्या त्या कागदावरून जगातल्या कोणत्याही तज्ज्ञाला ती रेघ खोटी ठरवता आली नसती.

"दत्तोबा," मी म्हणालो, "तिनं हात हलवला नाही."

"मगदूम!"

"आकडा खोटा होता. यंत्र ज्या खिडकीतून बघतं ती आधी वाफेनं, मग धुरानं माखली. मळक्या काचेतून त्याला जखम होती त्यापेक्षा थंड दिसली. थंड दिसली म्हणून त्यानं जोर वाढवला. जोर वाढला म्हणून धूर आणखी झाला. पडद्यावर बासष्ट होते. तिच्या हातावर शंभराच्या वर असतील."

"यंत्राला काय कळतंय," दत्तोबा हळूच म्हणाले. "ती खिडकी पुसायची कुणी?"

हाच तो प्रश्न. सबनीसांना तो सुचला नव्हता, पाहुण्यांना सुचला नसता.

"पुसावी लागत नाही. खिडकीवर हवेचा झोत असतो. तो धूर बाजूला ढकलतो."

"मग?"

"तो धूर माझ्या तोंडावर यायचा. मी बसतो त्याच बाजूला. कान भाजताना मला तो वास सहन होत नव्हता, उलटी यायची. म्हणून मागच्या महिन्यात मी झोत कमी केला. अगदी बारीक केला. कोणाला सांगितलं नाही. तेलाचे थेंब पुरेनात म्हणून केलं."

आवटी सिस्टर माझ्याकडे अशा बघत होत्या की जणू मीच त्या गॉजखालचं करपलेलं.

"आज सुरू करायच्या आधी झोत पूर्ण उघडायला हवा होता. मला आठवलं होतं," मी म्हणालो. "वास येईल म्हणून उघडला नाही."

सबनीसांनी हातमोजे कचऱ्यात आपटले आणि ते पाहुण्यांकडे निघून गेले. दार आपोआप बंद झालं.

दत्तोबा माझ्याजवळ आले. त्यांचा हात उठेल असं मला वाटलं. उठला असता तर बरं वाटलं असतं.

"सायेब, आमच्या दुकानात तुम्ही नाक धरताय. मला कधी राग आला न्हाई. ज्याचा त्याचा धर्म. पर ही पोरगी हाय माझी."



सिस्टर पुढं झाल्या. टाके घालायला दुसरे डॉक्टर यायचे होते. तोवर गॉज उचलून, करपलेलं धुऊन, जखम तयार ठेवायची होती. त्यांनी सलाईनची बाटली उघडली.

"सिस्टर, तुम्ही नको," वैजू म्हणाली. ती उठून बसली होती, काळा चष्मा काढून. "ह्या काकांनी धुवायचं."

"अगं, ते डॉक्टर नाहीत."

"माहीत हाय मला."

"त्यांना जमायचं नाही बाळ, बघ त्यांचा रंग."

"जमंल. मी सांगतो त्यास्नी."

सिस्टरनी दत्तोबांकडे पाहिलं. दत्तोबा पोरीकडे बघत होते. ते म्हणाले, "धुऊ दे."

सिस्टरनी मला हातमोजे दिले. पाणी कसं सोडायचं ते दाखवलं आणि कोपराशी उभ्या राहिल्या. मी वैजूच्या समोर स्टुलावर बसलो. एवढ्या जवळून मी ती जखम पाहिली नव्हती. यंत्रातून पाहिली होती, वीतभर उंचीवरून, आकड्यांत.

"कडेनं उचला," वैजू म्हणाली. "मधनं वढला तर साल निघंल. आधी भिजवा. आनखी भिजवा. हां, आता."

गॉज चिकटला होता. मी कोपरा उचलला. त्याच्याबरोबर काळ्या खपल्यांचा एक पापुद्रा वर आला, आणि खालून तो वास, उबदार, गोडसर, सरळ माझ्या तोंडात. डोळ्यांत पाणी आलं. मी मान वळवून उठायला लागलो.

"काका, थांबा," ती म्हणाली. "उठू नका."

मी बसलो. आणि पोटातलं सगळं वर आलं.

वैजूनं मोकळ्या हातानं शेजारचा वाकड्या आकाराचा किडनी ट्रे उचलला आणि माझ्या हनुवटीखाली धरला. माझं संपेपर्यंत धरून राहिली, तोंड न फिरवता. मग तो खाली ठेवला, आणि जळका हात पुन्हा माझ्यापुढं केला.